वयाची वर्षे की देहाचे बल? – वार्धक्य आणि दीर्घ पल्ल्याची धाव

काही वर्षांपूर्वी आमच्या साताऱ्यातील चिकित्सालयात एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आले. वय ६७ वर्षे, शरीर सडपातळ, अग्नी उत्तम, झोप शांत. तक्रार एकच, उजव्या टाचेत सकाळी उठल्यावर होणारी वेदना. साताऱ्यात २०१२ पासून डोंगरातील अर्धमॅरेथॉन भरू लागली आणि यवतेश्वरच्या घाटात पहाटे धावणाऱ्यांची वर्दळ वाढली. गुरुजी त्यांपैकीच एक होते. निवृत्तीनंतर धावू लागले होते आणि आठवड्यातून चार दिवस आठ-दहा किलोमीटर अंतर सहज कापत होते. निदान सरळ होते : वातकंटक. चिकित्साही सरळ होती. परंतु आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. “गुरुजी, हे वय धावण्याचे नव्हे. वृद्धाने व्यायाम वर्ज्य करावा असे शास्त्रच सांगते,” असे सांगून आम्ही त्यांची धाव कायमची बंद केली. गुरुजींनी शिस्तीने ते ऐकले.

चौदा महिन्यांनी ते पुन्हा आले, या वेळी सुनेबरोबर. टाच बरी झाली होती. मात्र वजन नऊ किलोने वाढले होते, भूक मंदावली होती, रक्तशर्करा मर्यादेबाहेर गेली होती आणि जिना चढताना दोन्ही गुडघे कुरकुरत होते. रुग्णाने तक्रार करावी तसे ते बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही सांगितलेत म्हणून बंद केले. बंद केल्यावर मी म्हातारा झालो.”

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. एका स्थानिक व्याधीसाठी आम्ही आजन्म निर्बंध घातला होता आणि त्याला शास्त्राचा आधार दिला होता. तो आधार खरोखर तसा आहे काय, हे तपासून पाहणे आमचे कर्तव्य ठरले. त्या तपासणीतून जे हाती आले ते व्यवसायबंधू-भगिनींपुढे ठेवण्यासाठी हा लेखप्रपंच.

शास्त्र नेमके काय सांगते?

वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्णी यांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायातही वर्ज्य व्यक्तींमध्ये वृद्धाचा उल्लेख येतो. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात अशीच यादी येते, तेव्हा तीत रक्तपित्ती, कृश, शोषी, श्वास-कास-क्षताने पीडित, नुकताच जेवलेला अशी नावे आढळतात. वृद्धाचे नाव तेथे स्वतंत्रपणे येत नाही. उलट, व्यायाम करणाऱ्या माणसावर जरा एकाएकी आक्रमण करीत नाही, असा आशय त्याच प्रकरणात मांडलेला आहे. व्यायाम ठरवताना वय, बल, शरीर, देश, काल आणि आहार या सर्वांचा विचार करावा, असेही तेथे सांगितले आहे. वय हा सहांपैकी एक विचार आहे, एकमेव नव्हे.

दुसरा प्रश्न असा की, वृद्ध कोणास म्हणावे? चरकांच्या मते मध्यम वय साठाव्या वर्षापर्यंत. सुश्रुतांच्या मते सत्तराव्या वर्षापर्यंत. म्हणजे आमचे गुरुजी चरकांच्या गणनेने वृद्ध होते आणि सुश्रुतांच्या गणनेने मध्यम वयाचे. ज्या सीमेविषयी दोन संहितांमध्ये दहा वर्षांचे अंतर आहे, ती सीमा जन्मतारखेवरून रुग्णाच्या केसपेपरवर आखून मोकळे होणे योग्य नव्हे.

आणि तिसरा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चरकांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितलेली दशविध परीक्षा आपण सर्वांनी अभ्यासक्रमात पाठ केली आहे. तीत आहारशक्तीनंतर व्यायामशक्ती येते आणि त्यानंतर वय येते. हे दोन स्वतंत्र घटक आहेत. वय समजले की व्यायामशक्ती आपोआप समजते, असे आचार्यांना वाटत असते तर दोन्हींची निराळी परीक्षा सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते. व्यायामशक्ती कर्मशक्तीवरून, म्हणजे प्रत्यक्ष काम करण्याच्या सामर्थ्यावरून पारखावी, असे तेथे सांगितले आहे. आम्ही गुरुजींचे वय विचारले होते. त्यांची कर्मशक्ती पाहिली नव्हती.

दोन धावपटू

जगात या विषयाची दोन ठळक उदाहरणे अलीकडच्या काळात घडली. पहिले फौजा सिंग यांचे. जालंधर जिल्ह्यातील ब्यास पिंड हे त्यांचे गाव आणि पारपत्रावरील जन्मवर्ष १९११. पत्नी आणि मुलगा यांच्या मृत्यूनंतर ते लंडनला दुसऱ्या मुलाकडे राहू लागले आणि शोकातून बाहेर पडण्यासाठी धावू लागले. २००० साली, वयाच्या ८९व्या वर्षी, त्यांनी लंडन येथे पहिली मॅरेथॉन पूर्ण केली. ऑक्टोबर २०११ मध्ये टोरोंटो येथे शंभरी गाठलेल्या फौजा सिंग यांनी ४२.१९५ किलोमीटरचे अंतर आठ तासांहून अधिक वेळ घेऊन पार केले. जन्माचा दाखला नसल्याने गिनेस पुस्तकात त्याची नोंद होऊ शकली नाही. २०१३ साली त्यांनी स्पर्धात्मक धावणे थांबवले. जुलै २०२५ मध्ये गावाजवळ पायी जात असताना वाहनाच्या धडकेने त्यांचा मृत्यू झाला. तोवर ते चालतेफिरते होते.

दुसरे उदाहरण कॅनडाचे एड व्हिटलॉक यांचे. जन्म १९३१ सालचा. २००३ साली टोरोंटो येथे त्यांनी २ तास ५९ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण केली. सत्तरी ओलांडल्यावर तीन तासांच्या आत हे अंतर कापणारे ते पहिले. पुढील वर्षी, ७३व्या वर्षी, त्यांनी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंद अशी वेळ दिली आणि २०१६ साली, ८५व्या वर्षी, चार तासांच्या आत मॅरेथॉन संपवली. त्यांचा सराव मात्र साधा होता. घराजवळच्या दफनभूमीतील वाटेवर संथ गतीने बराच काळ धावणे, आणि सांधे कुरबुरू लागले की काही आठवडे, प्रसंगी काही महिने, थांबणे. २०१७ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. धावण्याने माणूस अमर होत नाही, रोगांपासून संपूर्ण संरक्षणही मिळत नाही. परंतु शेवटच्या आजारापर्यंत देह स्वतःच्या ताब्यात राहू शकतो, हे या दोघांनी दाखवून दिले.

अशी उदाहरणे अपवादात्मक असतात आणि अपवादावरून नियम करता येत नाही. म्हणून मोठ्या समूहांच्या निरीक्षणाकडे वळणे आवश्यक आहे.

समूहाची साक्ष

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या ५३८ धावपटूंची आणि न धावणाऱ्या ४२३ व्यक्तींची वर्षानुवर्षे पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. एकोणीस वर्षांनंतर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के व्यक्ती मृत झाल्या होत्या. उठणे, कपडे घालणे, चालणे, वस्तू पकडणे या दैनंदिन क्रियांतील असमर्थताही धावणाऱ्यांमध्ये बरीच उशिरा आली. मुळात निरोगी माणसेच धावतात, हा आक्षेप अशा निरीक्षणांवर घेता येतो आणि तो रास्त आहे. तथापि वजन, धूम्रपान इत्यादी घटकांचा हिशेब करूनही फरक शिल्लक राहिला. विशेष म्हणजे आरंभी हे धावपटू आठवड्याला सरासरी सुमारे चार तास धावत होते, तर एकवीस वर्षांनंतर सुमारे ७६ मिनिटे. धाव कमी झाली, थांबली नाही.

गुडघ्यांविषयीची भीती आपल्याकडे सर्वाधिक आहे. “धावलात तर संधिगत वात ठरलेलाच,” हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! त्याच स्टॅनफर्ड गटातील ४५ धावपटू आणि ५३ न धावणाऱ्या व्यक्तींच्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे अठरा वर्षांच्या कालावधीत काढून तुलना करण्यात आली. अखेरीस संधिक्षयाची चिन्हे धावणाऱ्यांपैकी २० टक्के आणि न धावणाऱ्यांपैकी ३२ टक्के व्यक्तींमध्ये आढळली. संख्या लहान आहे, त्यामुळे धावण्याने गुडघे सुधारतात असा दावा त्यावरून करता येणार नाही. मात्र धावण्याने निरोगी गुडघे झिजतातच, हा आपला ठाम समज त्यापुढे टिकत नाही. ज्यांचा सांधा आधीच विकृत, सूजलेला अथवा वाकडा झाला आहे, त्यांची गोष्ट अर्थातच निराळी.

अर्धशक्ती : जुने मोजमाप, नवा पुरावा

मग किती धावावे? येथे आपल्या आचार्यांचा अर्धशक्तीचा नियम अत्यंत उपयुक्त ठरतो. सुश्रुतांनी बलाच्या अर्ध्या प्रमाणात व्यायाम सांगितला आहे आणि त्याची खूण दिली आहे ती श्वासाची : हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धे बल खर्च झाले असे समजावे. कपाळ, नाक, काख व सांधे यांवर घाम येणे आणि तोंडास कोरड पडणे, ही लक्षणेही परंपरेत सांगितली जातात. आजचे क्रीडावैद्यकही सामान्य धावपटूस हेच सांगते की, धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. शब्द तुटू लागले तर गती कमी करावी. यासाठी ना घड्याळ लागते, ना यंत्र.

या नियमास आधुनिक आकडेवारीचाही पाठिंबा मिळतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५५,१३७ प्रौढांच्या सुमारे पंधरा वर्षांच्या अमेरिकन पाहणीत धावणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी आढळले. दिवसाला केवळ पाच-दहा मिनिटे, तीही मंद गतीने धावणाऱ्यांमध्येही लक्षणीय लाभ दिसला. कोपनहेगन येथील २०१५ च्या अहवालात आठवड्यातून दोन-तीन दिवस, एकूण एक ते अडीच तासांच्या आत, हलके धावणाऱ्यांचे मृत्युप्रमाण सर्वांत कमी होते. अतिशय जोराने धावणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही. अर्थात त्या गटातील माणसे इतकी थोडी होती की त्यावरून निर्णय देणे घाईचे होईल.

अतियोगाचे दुसरे टोक

गुरुजींच्या प्रसंगानंतर आम्ही सर्वांनाच धावण्यास मोकळीक देऊ लागलो असे मात्र नाही. एका ऑगस्ट महिन्यात एक ५८ वर्षांचे व्यापारी गृहस्थ आमच्याकडे आले. आठवडाभरापूर्वी ज्वर येऊन गेला होता, अन्न पचत नव्हते. अर्धमॅरेथॉन तोंडावर आल्याने त्यांनी तशाच अवस्थेत भर पावसात एकवीस किलोमीटरचा सराव केला. अंगदुखी जाणवू नये म्हणून निघण्यापूर्वी दोन वेदनाशामक गोळ्या घेतल्या, त्याही चिठ्ठीशिवाय आणलेल्या. घरी परतल्यावर वांती, भ्रम, सर्वांगात तीव्र वेदना आणि गडद तपकिरी मूत्र. आम्ही औषध न देता त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठवले. स्नायूंचा अपाय होऊन मूत्रपिंडांवर ताण आला होता. काही दिवसांच्या उपचाराने ते बरे झाले.

तृष्णा, क्षय, श्वास, रक्तपित्त, क्लम, कास, ज्वर, वांती ही अतिव्यायामाची फळे वाग्भटांनी सांगितली आहेत. अजीर्णी व्यक्तीस व्यायाम वर्ज्य आहे, हे वचन या गृहस्थांच्या बाबतीत अक्षरशः लागू होते. व्यायाम बलवान आणि स्निग्धभोजी माणसाने शीतकालात व वसंतात अर्धशक्तीने करावा, अन्य ऋतूंत त्याहून मंद, हा नियमही येथे आठवतो. वर्षा ऋतूत अग्नी आणि बल दोन्ही क्षीण असतात. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते, तिचा सराव हेमंतात पडतो. पावसाळ्याच्या अखेरीस होणाऱ्या स्पर्धांचा सराव मात्र नेमका दुर्बल ऋतूत पडतो. अशा वेळी साठीपुढील धावपटूने अंतर हळूहळू वाढवावे, गतीचा मोह टाळावा आणि ज्वर, अतिसार वा अजीर्ण झाल्यास त्या वर्षीची स्पर्धा सोडून द्यावी, असे आम्ही निक्षून सांगतो.

चिकित्सालयात काय पाहावे?

आमची सध्याची पद्धत थोडक्यात देत आहोत.

१. प्रथम धोक्याची विचारपूस. श्रमाने छातीत दुखणे वा दडपण येणे, अकारण दम लागणे, मूर्च्छा, हृदय धडधडणे, कुटुंबात अकाली आकस्मिक मृत्यू यांपैकी काहीही असल्यास हृदयरोगतज्ज्ञाचा अभिप्राय मिळेपर्यंत धावण्यास अनुमती देऊ नये. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा जुने धूम्रपान असलेल्या, नव्याने धावू इच्छिणाऱ्या ज्येष्ठांनाही प्रथम तेथेच पाठवावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

२. कर्मशक्तीची प्रत्यक्ष परीक्षा. हात न टेकता खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते, एका पायावर किती वेळ तोल सांभाळता येतो, दोन मजले चढल्यावर श्वास किती वेळाने स्थिरावतो, हे पाहून नोंद करावी आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे.

३. आरंभ चालण्याने. सलग चाळीस मिनिटे वेगाने चालणे सुखाने जमू लागल्यावर मध्ये मध्ये एक-एक मिनिट धावणे. एक दिवस धाव, एक दिवस विश्राम.

४. मांसधातूचे रक्षण. केवळ धावण्याने वार्धक्यातील मांसक्षय थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम, किमान दोन दिवस स्नायुबलाचा आणि तीन दिवस तोल राखण्याचा व्यायाम सुचवला आहे. दंड-बैठकांची आपली परंपरा येथे उपयोगी पडते. बैठका भिंतीच्या वा खुर्चीच्या आधाराने घ्याव्यात.

५. आहार आणि अभ्यंग. रूक्ष आहार घेऊन धावणे म्हणजे वातवृद्धीस निमंत्रण. दूध, तूप, मूग, उडीद, अंडी व मांसरस यांची योजना अग्नी व सात्म्य पाहून करावी. व्यायामानंतर सर्वांगाचे सुखकर मर्दन शास्त्रातच सांगितले आहे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

धावणारा माणूस वैद्याकडे येण्याआधी बहुधा औषधाच्या दुकानात जातो. म्हणून आपली जबाबदारी मोठी आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वेदनाशामक गोळ्या मागणाऱ्या ज्येष्ठास नम्रपणे नकार द्यावा. शरीरातील द्रव कमी झालेला असताना या गोळ्या मूत्रपिंडांस अपायकारक ठरू शकतात. ‘स्टॅमिना’ वाढवणारे काहीतरी द्या, अशी मागणी आली तर अश्वगंधेची बाटली पुढे करण्यापूर्वी मधुमेह, रक्तदाब वा थायरॉइडची औषधे चालू आहेत काय, हे विचारावे आणि चालू असल्यास वैद्याकडे पाठवावे. लेबल नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्या तर दुकानात ठेवूच नयेत. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आपणांस ठाऊक आहेत.

पाण्याविषयीही योग्य सल्ला द्यावा. बोस्टन येथे २००२ साली मॅरेथॉन संपवणाऱ्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियमचे प्रमाण घटलेले आढळले. शर्यतीत वजन वाढण्याइतके द्रव पिणे हे त्याचे प्रमुख कारण होते. तहान लागेल तसे प्यावे, जबरदस्तीने नव्हे. क्षारसंजीवनीचे पाकीट त्यावर छापलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावे, हेही ग्राहकास सांगावे.

समारोप

गुरुजींची धाव आम्ही पुन्हा सुरू केली, पण या वेळी परीक्षा करून. हृदयाची तपासणी झाली, तीन महिने फक्त चालणे झाले, खुर्चीच्या बैठका झाल्या, मग मिनिटा-मिनिटाने धाव आली. आज ते एक दिवसाआड चार-पाच किलोमीटर, सोबत्याशी गप्पा मारीत धावतात. घाटात जात नाहीत. रक्तशर्करेचे औषध पूर्णतः सुटलेले नाही आणि गुडघ्यांची कुरकुरही थोडी शिल्लक आहे. चौदा महिन्यांत जे गेले ते सारे परत मिळाले, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जे गेले त्यास आम्ही कारण झालो, ही नोंद आम्हीच करून ठेवली आहे.

त्यानंतर आम्ही आमच्या केसपेपरमध्ये एक छोटा बदल केला. ‘वय’ या रकान्याशेजारी ‘व्यायामशक्ती : प्रवर, मध्यम, अवर’ असा रकाना छापून घेतला आणि तो प्रत्यक्ष परीक्षेशिवाय भरायचा नाही, असा नियम स्वतःस घालून घेतला. व्यवसायबंधू-भगिनींनी साठीपुढील रुग्णांच्या बाबतीत हा प्रयोग वर्षभर करून पाहावा आणि आपली निरीक्षणे, अनुकूल तशीच प्रतिकूलही, या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावीत, ही विनंती.